राखाडी पुठ्ठा

कुकरचा फोटो सगळ्यात अवघड.
चकचकीत वस्तू खोलीतलं सगळं पोटात घेते:
छत्र्या, तिपाई, वायरी, आणि मधोमध
लिंबाएवढी मी, डोळ्याला कॅमेरा.
मग रात्री बसून
तेवढं लिंबू पुसायचं.
तीन लिटर, पाच लिटर, साडेसात, हंडी,
एकोणीस वर्षं
मला पुसायचे पैसे मीच घेतले,
अधिक जीएसटी.

तक्रार नाही.
त्यात सहकारनगरचा फ्लॅट झाला,
आईचे दोन्ही गुडघे झाले.
उकडलेला बटाटा गुलाबी रंगात मळून
आइस्क्रीम कसं करायचं
ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
वाघोलीच्या बिल्डरला तिथलं आकाश पसंत पडेना,
मुळशीचं आणून लावलं.
तीन प्रकल्पांवर तोच एक ढग आहे.
लोक राहायलाही गेले त्याच्याखाली.

मार्चमध्ये कुकरवाले सुटले.
म्हणाले, आता कुकर समोर न ठेवताच
कुकरचा फोटो होतो, मॅडम.
फार नम्रपणे म्हणाले. आंबा बर्फी दिली.

पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुपारी
शेजारच्या गाळ्यातलं कटर सोडलं तर
काही वाजत नाही.
जुन्या डिस्क काढल्या, रिकाम्या करायला.
पुसण्यावर हात बसलेला होताच.

प्रत्येक कामाच्या आधी चार-पाच फ्रेम,
नुसता प्रकाश बघायच्या.
त्यांत दिगंबर.
दिगंबर पासलकर, माझा मदतनीस,
छातीशी राखाडी पुठ्ठा धरून.
नवरीच्या खुर्चीत दिगंबर.
मॉडेल यायच्या आत, खांद्यावर पैठणी टाकून, मख्ख.
संचालक मंडळाच्या मधल्या खुर्चीत,
पाय जमिनीला जेमतेम.
भोसरीच्या प्रेस मशीनशेजारी,
मशीनची उंची कळावी म्हणून.
दोन हजार सहात मिशी काळी.
अकरात चष्मा.
चौदाच्या जूनमध्ये डोकं भादरलेलं:
वडिलांचं तेरावं उरकून सकाळी थेट कामावर आला होता
आणि मी म्हणाले होते,
टोपी आहे का रे? चमकतंय.

पुठ्ठा तोच.
एक कोपरा तेवढा झिजत गेलेला.

चार हजारांवर फ्रेम निघाल्या.
एकीतही त्याला पाहिलेलं नव्हतं मी.
नाकाखालची सावली पाहिली होती
आणि म्हटलं होतं, जरा डावीकडे.

रविवारी जनता वसाहतीच्या पायऱ्या चढले.
एक कॅमेरा, एक भिंग.
निम्म्यात दम लागला, तेव्हा लक्षात आलं
की स्टँडच्या पिशव्या घेऊन रोज
हा इथूनच उतरायचा. नऊच्या ठोक्याला.
दारात शेवया वाळत होत्या.
सिंधूताईंनी चहा टाकला,
साखर विचारली नाही, घातली.

‘दिगंबर, उभा राहा जरा इथे.’
उठला. सवयीनं
दाराच्या चौकटीपासून दीड हात पुढे,
हात छातीशी, तळव्यांत काही नाही.
मागे स्टुलावर पाण्याची कळशी, लखलखीत घासलेली,
तिच्यात मी. राहू दे.

‘कोण यायचंय?’ त्यानं विचारलं.
कुणी नाही.
‘लाइट बघताय ना?’
नाही रे. तुझाच काढतेय.

तो माझ्या खांद्यावरून
पायऱ्यांच्या वळणाकडे बघत राहिला,
कुणी वर येतंय का.
मग हात खाली सोडले. मग मागे घेतले.
मग त्या हातांचं काय करायचं
ते त्याला कळेना, मलाही सांगता येईना.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हणाले नाही,
जरा डावीकडे.

‘एक मिनिट, मॅडम,’ म्हणाला, आत गेला.
ट्रंक वाजली.
बाहेर आला तेव्हा
डोक्यावर पांढरी टोपी होती, घडीच्या रेघांसकट.

‘चमकतं ना,’ म्हणाला.